आमच्या मोरीचे पाणी कुठे जाते?

बकरी ईदचा दुसरा दिवस होता. ७ जून २०२५ ला ईद झाली. त्या वर्षी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन ठेपला होता, त्यामुळे ईदेच्या आधीच आमचे परडे भिजून गच्च झाले होते. मालवणजवळच्या आमच्या घरात मुंबईहून आलेले पाहुणे धरून वीसेक माणसे होती. सकाळी भाभी मोठी डेग घासायला बसल्या. वरून गरम पाणी ओतले, आणि ते पाणी मोरीतून खाली जाण्याऐवजी वर आले. आधी काळपट पाणी, मग त्यावर तरंगणारे भाताचे दाणे आणि मग तो वास, जो शब्दांत सांगून उपयोग नाही.

दुपारपर्यंत शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना ईदेचा डबा आदल्या दिवशीच पोचला होता. रागावून नाही, जरा अवघडूनच म्हणाल्या, "बांयच्या पाण्याक वास येता रे. तुमच्याकडे काय झाला काय?"

मी हे संपादकीय लिहितो आहे ते त्या प्रश्नामुळे. आमच्या पानावर समान हक्क, शिक्षण, तलाक, वारसा, निवडणुका असे विषय येतात. मोरी येत नाही. काही वाचकांना वाटेल, चळवळीच्या नियतकालिकाने आता स्वयंपाकघरात कशाला डोके घालावे? पण शेजाऱ्याच्या विहिरीत आपल्या घरचे घाण पाणी उतरले असेल, तर नागरिक म्हणून आपण कसे आहोत हे तिथेच कळते. आणि मला स्वतःला त्या दिवसापर्यंत हेही ठाऊक नव्हते की आमच्या मोरीचे पाणी नेमके जाते कुठे. ज्या घरात मी जन्मलो, त्या घराची ही गोष्ट.

ते जाते असे: मोरीतून एक पाइप, बाहेर एक चेंबर, तिथून आणखी एक पाइप आणि शेवटी चिऱ्यांनी बांधलेला शोषखड्डा. किनारपट्टीवरच्या बहुतेक घरांत हीच रीत आहे. गटारव्यवस्था नावाची गोष्ट वाड्यांत नाही. शहरात मोरीतले पाणी कुठेतरी लांब जाते, इथे ते अंगणातच मुरते. तारकर्ली-देवबागसारख्या ठिकाणी तर एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. वाळू पाणी चटकन खाली सोडते, पण ते नीट गाळले जाण्याइतका वेळ देत नाही. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान ५० फुटांचे अंतर हवे असे सांगतात, आणि वाळूत त्याहून जास्तच असलेले बरे. आमच्या वडिलांनी खड्डा खणला तेव्हा आमच्या हद्दीपासून अंतर मोजले होते. काकींच्या विहिरीपासून मोजले नव्हते.

संध्याकाळी शहरातून एक गृहस्थ चेंबर उघडायला आले. त्यांनी झाकण उचलले आणि आतून दगडासारखा पांढुरका थर फोडून बाहेर काढला. त्यात मटणाची चरबी होती, तेल होते, माशांचे खवले होते, खोबऱ्याचा चोथा, नारळाच्या शेंड्या, चहाची पत्ती आणि भांडी घासायच्या काथ्याचे तुकडे. माझा भाऊ म्हणाला, कालच्या ईदेमुळे झाले. ते गृहस्थ हसले. "ह्यां कालचा नाय. वरसभर साठलला आसा."

त्यांचे म्हणणे खरे होते. मटणाची चरबी साधारण ४० अंशांच्या आसपासच गोठायला लागते. आपण डेगेत कढत पाणी ओततो तेव्हा ती पातळ होऊन जाते आणि आपल्याला वाटते, गेली. पण जमिनीखालच्या पाइपात ती चार-सहा फूट जाते न जाते तोच थंड होते आणि पाइपाच्या अंगाला चिकटते. गोठलेल्या चरबीवर खवले बसतात, खवल्यांवर भात, भातावर शेंडी. साबण आणि जड पाण्यातला चुना यांच्याशी मिळून ते आणखी घट्ट होते. ईदेने फक्त शेवटची भर घातली. बाकीची भर रोजची होती, आणि मार्च ते मे दोन खोल्यांत पर्यटक असतात तेव्हा ती दुप्पट होती. त्यात पाऊस आधीच पडलेला. पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते, खड्ड्याच्या भोवतालची माती आधीच भरलेली असते, मग खड्ड्यातले पाणी शोषणार कोण? म्हणून आमच्याकडे मोऱ्या तुंबतात त्या बहुधा जून-जुलैत, आणि आपण दोष पावसाला देतो.

खुणा सगळ्या होत्या. मोरी महिनाभर गुळगुळ आवाज करत होती. पाणी जायला आधीपेक्षा वेळ लागत होता. वॉशिंग मशिनचे पाणी सुटले की स्वयंपाकघराच्या जाळीतून बुडबुडे येत. रात्री झुरळे वाढली होती. शोषखड्ड्यावरचे गवत कडक उन्हाळ्यातही हिरवेगार होते आणि आम्ही त्याचे कौतुक करत होतो. भाभींनी दोनदा सांगितले होते. भावाने दोन्ही वेळा बाजारातून अ‍ॅसिडची बाटली आणून ओतली. पहिल्या वेळी पाणी गेले, म्हणून सगळे खुश.

या अ‍ॅसिडविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण प्रत्येक घरात ती बाटली आहे. अ‍ॅसिड चरबीचा गोळा विरघळवत नाही. ते वरवरची घाण मोकळी करते आणि गोळा आणखी पुढे, हात पोचणार नाही अशा जागी, ढकलला जातो. सिमेंटचे सांधे खाते. मोरीचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर तिथे मैला कुजवणारे जिवाणू मारते, म्हणजे ज्याच्या जिवावर टाकी चालते त्यालाच. आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे अ‍ॅसिडच्या मागोमाग ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचवाले द्रव ओतले तर क्लोरिन वायू सुटतो. बंद मोरीत उकिडव्या बसलेल्या बाईच्या नाकाशी. हे दोन्ही एकत्र कधीही वापरू नका. पाइप तुंबला असेल तर लांब लवचीक तार किंवा रबरी पंप, आणि चेंबरचे झाकण उघडायची तयारी, एवढेच उपाय खरे आहेत.

ईद झाल्यावर ही कहाणी कुवेतच्या चुलतभावापर्यंत पोचली. त्याने लगेच सांगितले, तिकडे सिंकखाली दळणारे मशिन असते, मी एक पाठवून देतो, कचऱ्याचा प्रश्नच मिटेल. हे यंत्र जुने आहे. अमेरिकेतल्या रसीन गावच्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुविशारदाने ते १९२७ च्या सुमारास आपल्या बायकोसाठी बनवले. पण न्यूयॉर्कसारख्या, भुयारी गटारे असलेल्या शहरानेही आपल्या जुन्या गटारांच्या काळजीने ते बराच काळ घरांत लावू दिले नव्हते. ती बंदी १९९७ मध्ये उठली. आमच्याकडे ते लावले तर काय होईल? माशाचे काटे, तिसऱ्यांच्या शिंपल्या, नारळाची शेंडी, आंब्याची बाठ यांनी पात्याची खोली पहिल्याच आठवड्यात अडेल. आणि नाही अडली तर आणखी वाईट. बादलीत दिसणारा कचरा बारीक होऊन अंगणातल्या खड्ड्यात जाईल, खड्डा दोन-तीन पट वेगाने भरेल आणि काकींची विहीर आहे तिथेच असेल. भाऊ म्हणाला, पण दिसणार तर नाही! नेमकी तीच अडचण आहे.

मग प्रश्न उरतो बादलीचा. आमची अम्मी होती तेव्हा बादली नव्हतीच. माशाची आतडी, डोकी, खवले माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरायचे आणि वर पातेरा ओढायचा. शिंपल्या वेगळ्या वाळत पडत. करवंट्या आणि सोडणे चुलीखाली जात. भाताची पेज गुरांना, उष्टे कोंबड्यांना. टाकायला काही उरतच नसे. मी हे जुन्या काळाचे गुणगान म्हणून लिहीत नाही, कारण त्या सगळ्या कामाचा भार अम्मीवरच होता आणि आम्ही मुलगे पान उचलून मोरीशी ठेवण्यापलीकडे काही करत नव्हतो. पण त्या पद्धतीत एक शहाणपण होते: प्रत्येक गोष्टीची जागा ती हातात असतानाच ठरलेली असे.

आता चूल गेली, गुरे गेली, कोंबड्या गेल्या. पर्यटक आले आणि त्यांच्याबरोबर पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, बाळांचे डायपर. हे सगळे एकाच बादलीत, एकाच काळ्या पिशवीत, आणि त्यावर सुरमईचे डोके. एकदा हे एकत्र झाले की त्यातले काहीच कामाचे राहत नाही. मासळीचा रस लागलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. प्लास्टिकचे तुकडे पडलेला ओला कचरा माडाला घालता येत नाही. वाडीत घंटागाडी रोज येतेच असे नाही, मग ती पिशवी रस्त्याकडेला जाते, कुत्री फोडतात, कावळे पांगवतात आणि रात्री उंदीर येतात.

उंदरांवरून लेप्टोकडे वळतो. लेप्टोस्पायरोसिसने सिंधुदुर्गातली माणसे मेलेली आहेत, आणि दर पावसाळ्यात आरोग्य विभागाला त्यासाठी गावोगाव सांगत फिरावे लागते, डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागतात. रोगाचे जंतू उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. लोकांना हा भातशेतीचा रोग वाटतो. पण उंदराला शेतातून परड्यात आणणारी गोष्ट कोणती? उघडी पिशवी. परड्यात पाणी तुंबवणारी? भरून वाहणारा शोषखड्डा. आणि त्या पाण्यातून अनवाणी पायाने विहिरीवर जाणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत जोराच्या कळा, लाल डोळे असे दिसले तर घरी काढे करत बसू नये, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि परड्यात साचलेल्या पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हे सगळे आपल्या हातातले नाही, सरकारनेच करायला हवे, असे म्हणणाऱ्यांना मी वेंगुर्ल्याला जायला सांगतो. आमच्यापासून तासा-दीड तासाची वाट. १२ हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेने डेपोवर कचऱ्याचे ढीग लावण्याऐवजी घरोघरी तो वेगळा मागायला सुरुवात केली. डेपोवर पुढे त्याचे वीसहून अधिक प्रकार होऊ लागले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांसाठी. जिथून लोक नाक दाबून जात, तो डेपो बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येऊ लागले. कौतुक मशिनांचे झाले, पण मला वाटते खरी गोष्ट घराच्या दारात घडली. मिसळलेली बादली आली तर मशिन काय करणार? भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी उभ्या केलेल्या निसर्गऋण प्रकल्पांतही हाडे, करवंट्या, अंड्यांची टरफले बाजूला काढूनच ओला कचरा आत घ्यावा लागतो. आपल्याच जिल्ह्यात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने घरोघरी गोबरगॅस उभारले, तेही चालतात ते त्या घरातली माणसे रोज काय आत घालायचे आणि काय नाही हे पाळतात म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वेगळे करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली होती: ओला वेगळा, सुका वेगळा, घरातला घातक कचरा वेगळा, आणि डायपर-पॅड गुंडाळून. नगरपालिकेचे काम त्याच्या पुढे सुरू होते. ते ती करत नसेल तर जाब विचारायलाच हवा, आमच्या वाडीत तो विचारायला भरपूर जागा आहे. पण काळ्या पिशवीत सगळे कोंबून दिलेल्या माणसाचा जाब जरा लंगडा पडतो.

इथे आपल्या समाजाशी दोन शब्द मोकळेपणाने बोलतो. मुस्लिम मोहल्ला म्हणजे घाण, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते अन्यायाचे आहे. कितीतरी शहरांत मोहल्ल्यात गाडी येत नाही, गटार बांधले जात नाही आणि मग घाणीचा ठपका तिथल्या माणसांच्या धर्मावर ठेवला जातो. याविरुद्ध आपण लिहिले आहे आणि लिहू. पण या रागाआड आपली स्वतःची बादली लपवणे बरोबर नाही. वजूचे पाणी कसे वापरावे, अंगावरचे कपडे कसे पाक असावेत हे आपण लहानपणापासून शिकतो. पण ते पाणी उंबऱ्याबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, हे कुणी शिकवले? कुर्बानीचे गोश्त तीन वाटे करून अगदी काटेकोर वाटतो आपण. पोटातला कोथळा, रक्त, चरबी यांचा वाटा मात्र कुणाच्या नावाने निघतो? ओढ्याच्या. किंवा त्या माणसाच्या, जो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन येतो.

आमच्याकडे चेंबर उघडायला आलेल्या गृहस्थांच्या हातात मोजे नव्हते. तुटलेल्या काचेचा एक तुकडा त्यांच्या बोटात घुसला. तो आमच्याच फुटलेल्या ग्लासचा होता. काम झाल्यावर घरातून चहा आला, तो रोजच्या कपात नाही, तर माळ्यावरून काढलेल्या एका जुन्या स्टीलच्या पेल्यात. आमच्यात जात नाही असे आम्ही सभांतून सांगतो. मी त्या वेळी काही बोललो नाही. आज इथे लिहितो आहे, पण बोलायची वेळ ती होती.

आम्ही घरी काय बदलले ते सांगतो, कारण वाचक पत्रांतून नेमके तेच विचारतात. मोरी आणि चेंबर यांच्या मध्ये चिऱ्याची एक छोटी कुंडी बांधली, दोन फूट लांब, दीड फूट रुंद, आतून गिलावा. पाणी तिच्यात एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने जाते, पण जाणाऱ्या पाइपाचे तोंड आत खाली वळवलेले आहे. त्यामुळे तेल-चरबी वर तरंगत अडते, गाळ तळाशी बसतो आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे सरकते. गवंड्याचे एक दिवसाचे काम. पण दर पंधरा दिवसांनी वरचा थर काढला नाही तर ही कुंडीही तुंबते. तो थर भुशात नाहीतर सुक्या मातीत घोळवून माडाच्या आळ्यात पुरतो. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. तेलकट भांडे आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायचे, मग पाणी. डेगेतली चरबी गार होऊ द्यायची आणि उलथन्याने खरवडून काढायची. गरम पाणी ओतून तिला "घालवायचे" नाही.

ओल्या कचऱ्याला झाकणाचा वेगळा डबा आणि शेजारी पातेऱ्याची गोणी. एक थर ओला, त्यावर दुप्पट सुका. पहिल्या महिन्यात डब्याला कुजका वास आला आणि भावाने तो फेकायला काढला. पण वास म्हणजे एवढेच, की पाणी जास्त आणि हवा कमी. पातेरा वाढवला, काठीने खालवर केले, चार दिवसांत वास गेला. मुंग्या झाल्या तर उलट, तो फार सुका आहे. अळ्या दिसल्या तर किंचाळू नये, वर सुक्या मातीचा थर द्यावा. मासळीचे अवशेष या डब्यात नाही घालत, ते अम्मीच्या रीतीने आळ्यात, फक्त आता विहिरीपासून लांबच्या माडाच्या आणि हातभर खोल, नाहीतर कुत्री उकरतात. सुक्या मासळीचे खारट पाणी माड सहन करतो, मिरचीची रोपे करपतात. ते आम्ही पाच रोपे घालवून शिकलो. शिंपल्या कुजत नाहीत, त्या वाळवून रस्त्यावरच्या खड्ड्यात घालतो.

आणि एक गोष्ट आकड्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात भारतात घराघरांतून वाया जाणारे अन्न माणशी वर्षाला ५५ किलो धरले आहे. त्यात साली-हाडेही आली. जगाची सरासरी ७९. म्हणजे आपण तसे बरे. पण ईदेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरातून फेकलेला शिळा भात मी तोलला असता तर ही सरासरी मला सांगायची लाज वाटली असती. पुढच्या ईदेला डेग एक आकाराने लहान चढवली. कुणी उपाशी राहिले नाही. एका मामूंनी मात्र नापसंतीचा चेहरा केला.

कुंडी साफ करायची बारी आता भाऊ आणि मी घेतो, आळीपाळीने. पहिल्यांदा झाकण उचलले तेव्हा भाभी दारात उभ्या राहून पाहत होत्या. काही म्हणाल्या नाहीत, हातमोजे पुढे केले. शोषखड्डा अजून जुन्याच जागी आहे. तो हद्दीच्या दुसऱ्या टोकाला हलवायला पैसे लागतील, ते पुढच्या सीझननंतर. तोपर्यंत पिण्याचे पाणी काकी आमच्या विहिरीवरून भरतात. त्यांच्या विहिरीत दोनदा ब्लीचिंग पावडर घातली, गणपतीपूर्वी वास गेला होता. पाणी तपासायला ग्रामपंचायतीत दिले आहे.